शिवलं तर पुस्तक

गल्लीत त्याला सगळे दाभण म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर 'मालक'. दाभण म्हणजे पोत्याला टाके घालायची ती जाड सुई. बाइंडिंगच्या कामात पुठ्ठ्याला आणि जाड पानांना भोकं पाडायला तीच लागते. पण हे नाव काही हत्यारावरून पडलं नव्हतं, जिभेवरून पडलं होतं. "बरं आहे ना?" असं कुणी सहज विचारलं तरी "का, तुला वाईट दिसतोय?" असं उत्तर मिळायचं. असल्या माणसाशी भांडायला काही कारण लागत नाही, समोर उभं राहिलं की पुरतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका अंगाला पत्र्याचं कपाट, मधोमध मोठं टेबल, टेबलावर शिवणीची लाकडी चौकट, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. भिंतीवर देव नाही, कॅलेंडर नाही. खिळ्याला अडकवलेल्या कात्र्या तेवढ्या. त्या खोलीत बसून या माणसानं उभा जन्म एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकून गल्लीचे कान किटले होते.

"शिवलं तर पुस्तक. चिकटवलं तर गठ्ठा."

त्याचं म्हणणं असं. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालायच्या, म्हणजे फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाच्या घडीतून दोरा ओवायचा, एकाला दुसऱ्याशी बांधत जायचं, मग पाठीला कापड, मग पुठ्ठा. ते पुस्तक. आणि घड्या मशीननं कापून, सुट्या पानांच्या पाठीला गरम सरस फासून वर कव्हर डकवलं, तर तो गठ्ठा. पिन मारली असेल तर चोपडी. नुसती घडी असेल तर पत्रक. पुस्तक हा शब्द त्यानं एखाद्या ठेवणीतल्या शालीसारखा जपला होता, ऊठसूट कुणाच्या खांद्यावर टाकायला तो तयार नसे.

कुणी हौसेनं नवं पुस्तक दाखवायला आणलं की तो ते बरोबर मधोमध उघडायचा, दोन्ही अंगठे आत दाबायचा आणि कान लावायचा. पाठ कट्‌ करून वाजली की दोन बोटांत धरून परत. "गठ्ठा आहे. घेऊन जा." एका प्राध्यापकांच्या पहिल्यावहिल्या कवितासंग्रहाचं त्यानं असंच केलं. ते बिचारे पेढे वाटायला आले होते. पेढा मात्र त्यानं खाल्ला.

घरीही तेच. लेक शाळेत जायला लागली तेव्हा बाजारातून आलेली सगळी पाठ्यपुस्तकं तो आधी उसवायचा, मग शिवायचा, मगच ती दप्तरात जायची. एका वर्षी काम तुंबलं आणि भाषेचं पुस्तक पिनांचं तसंच राहिलं. वर्गात बाई म्हणाल्या, पुस्तक काढा. सगळ्या पोरींनी काढलं, ही हाताची घडी घालून बसून राहिली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडे पुस्तक नाही, चोपडी आहे." बाईंना वाटलं पोरगी टिंगल करते आहे. तास संपेपर्यंत तिला वर्गाबाहेर ओणवं उभं केलं. संध्याकाळी हे कळल्यावर दुसरा बाप शाळेत जाऊन भांडला असता, नाहीतर आपलं तोंड आवरलं असतं. दाभणाची छाती फुगली. येईल त्या गिऱ्हाइकाला तो आठवडाभर ही गोष्ट सांगत होता. पोरीचे गुडघे दुखत होते का, हे त्यानं विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

त्याच्या धाकट्या भावाचं काय झालं, तेही सांगायला हवं. दोघं एकाच खोलीत, एकाच टेबलावर वाढले. धाकट्यानं पुढं चिकटवायचं मशीन आणायचं काढलं. "दादा, दिवस बदललेत, लोकांना काम लगेच हवं असतं," एवढंच तो म्हणाला. त्यावर दाभण जे बोलला ते सख्ख्या भावानं बोलू नये आणि मी लिहू नये. खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. पलीकडे मशीन आलं, सरसाचा वास आला, गिऱ्हाइकं आली. दाभण आल्यागेल्याला सांगायचा, "पलीकडे गठ्ठेवाला बसतो." पलीकडून उत्तर यायचं, "अलीकडे म्युझियम आहे, चपला काढून जा." भावाभावांत तेवढंच बोलणं उरलं, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

लेक मोठी झाली, नर्स झाली, दवाखान्याजवळ खोली करून राहू लागली. दर रविवारी मात्र जेवायला घरी. वॉर्डात तिनं बघितलं की माणूस अंथरुणाला खिळला की घरच्यांचे हातपाय गळतात. त्याला कुशीवर कसं वळवायचं, चादर खालून कशी काढायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, हे कुणी धड सांगतच नाही. ते सगळं तिनं लिहून काढलं. साध्या भाषेत, चित्रं काढून. एका प्रकाशकानं ते छापलं, आणि बांधणीचं काम नेमकं कुणाकडे दिलं? प्लायवूडच्या पलीकडे. तिला ते छापून हातात आल्यावर कळलं. पण शेळी वाघानं खाल्ली काय आणि वाघिणीनं खाल्ली काय, बापाच्या लेखी गुन्हा तिचाच.

रविवारी ती पहिली प्रत घेऊन आली. आईनं हात पुसून ती घेतली, कपाळाला लावली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग लेकीनं ती बापापुढं धरली. ताट वाढलेलं होतं. दाभणानं प्रत मधोमध उघडली आणि अंगठे दाबले.

कट्‌.

"गठ्ठा छान झालाय," तो म्हणाला आणि ताट पुढं ओढलं.

"बाबा, आतलं एक पान तरी वाचा."

"आतलं ज्यानं लिहिलं त्यानं बघावं. माझं काम पाठीचं. आणि ह्याला पाठ नाही."

"सगळे पुस्तक म्हणतायत. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. तुम्ही एकदा म्हणालात तर काय झिजेल तुमचं?"

"शब्द झिजेल."

लेकीनं प्रत त्याच्या हातातून काढून घेतली. आवाज चढवला नाही. त्या बाबतीत ती आईवर गेली होती. "तुमच्या शब्दापायी मी शाळेत ओणवी उभी राहिले," ती म्हणाली. "तेव्हा लहान होते, मला वाटायचं बाबा म्हणतात ते खरं. आता नाही उभी राहणार." चपला घालून ती जी गेली, ती पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईशी फोनवर बोलायची. फोन बापाकडे जायचा नाही.

घरात मग शीतयुद्ध सुरू झालं, आणि त्यात दाभण हरत होता. बायको बोलायची नाही असं नाही. बोलायची, पण त्याच्याच नियमानं. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून त्यानं सदरा पुढं केला, तर ती म्हणाली, "हा सदरा कुठंय? बटण शिवलेलं नाही. फडकं आहे. फडक्याला मी हात लावत नाही." दुसऱ्या दिवशी ताटात गार भात पडला. तो कुरकुरला तर म्हणाली, "गरम असेल तर जेवण. हा नुसता भात आहे. तुमचाच न्याय." बटणाविना सदरा घालून तो दुकानात बसायचा. विचारायची कुणाची छाती नव्हती.

रविवारी तिसरं पाट-पाणी ती मांडायची आणि जेवणं झाली की उचलायची. तो ते बघायचा. लेक यायला हवी होती, त्याला ती हवीच होती. पण एक शब्द काही तोंडातून निघत नव्हता. गाढवानं चिखलात बसकण मारावी तसा तो बसला होता, आणि वर म्हणत होता, चिखल माझा आहे.

अशात वाचनालयातून दुरुस्तीचा गठ्ठा आला. म्हणजे त्याच्या भाषेतला नव्हे, दोरीनं बांधलेला. वाचनालयाची सगळी फाटकीतुटकी कामं पूर्वीपासून त्याच्याकडेच यायची. दोरी सोडली तर वरच लेकीचं नाव. खाली आणखी प्रती, त्याच नावाच्या. सगळ्यांच्या पाठी उकललेल्या, पानं सुटून बाहेर आलेली, कोपरे मळलेले, एकावर औषधाचा पिवळा डाग.

दाभणाला जो आनंद झाला तो सांगायची मला लाज वाटते. पोटच्या पोरीचं काम फाटून आलं आणि हा माणूस खूश. प्रती काखेत मारून तो तडक वाचनालयात गेला. ग्रंथपालबाई काउंटरवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढं त्यानं पानं पसरली.

"बघा. वर्षही टिकलं नाही. मी काय म्हणत होतो? आता तुम्हीच सांगा, ह्याला पुस्तक म्हणायचं?"

बाई त्याला वर्षानुवर्षं ओळखत होत्या आणि तो त्यांना कधीच आवडला नव्हता. "तुम्ही शिवलेलं एकही परत येत नाही, नाही का?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"या इकडे."

त्या त्याला मागच्या भिंतीच्या कपाटाशी घेऊन गेल्या. कापडी पाठीचे, सोनेरी अक्षरांचे त्याचे खंड रांगेत उभे होते. संस्थेचे अहवाल, अध्यक्षीय भाषणं, कुणाकुणाचे गौरवग्रंथ. एकही वाकलेला नाही, एकाचाही टाका सैल नाही. दाभण त्यांच्याकडे कौतुकानं बघत होता. बाईंनी एक ओढून त्याच्या हातात दिला.

"उघडा."

त्यानं उघडायला घेतला, पण पानं सुटेनात. बांधणी पुरी झाल्यावर पानांच्या कडांना त्यानं स्वतः तांबडा रंग दिला होता. त्या रंगानं कडा एकमेकींना धरून बसल्या होत्या. कुणी एकदा जरी पानं चाळली असती तरी त्या सुटल्या असत्या. त्यानं दुसरा काढला, तोही तसाच. तिसऱ्याला त्यानं हात लावला नाही.

"परत कशाला येतील?" बाई म्हणाल्या. "कुणी नेतच नाही. आणि तुमच्या मुलीचं इथं कपाटात राहतच नाही. एक आणून देतो तोवर दुसरा दारात उभा. घरी म्हातारं माणूस पडलेलं असतं हो, उशाशी उघडं ठेवतात आणि बघून बघून करतात. दोन्ही हात कामात असतात. फाटलंय ते वापरून फाटलंय. तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते मला नका सांगू. लवकर दुरुस्त करून द्या, लोक थांबलेत."

दाभण परत आला. येताना कुणाशी भांडला नाही, तेव्हाच गल्लीनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

त्यानं शिवायला घेतलं. दुसरं त्याला येत काय होतं? पण घडी असेल तर तिच्यातून दोरा जातो. इथं मशीननं घड्या केव्हाच कापलेल्या, सगळी सुटी पानं. अशा पानांना एकच उपाय. सगळी एकत्र दाबायची, कडेपासून थोडं आत दाभणानं आरपार भोसकायचं आणि वरून टाके मारायचे. त्यानं एक प्रत तशी शिवली. दगडासारखी घट्ट झाली. मग सवयीनं मधोमध उघडली, तर ती पुरती उघडेना. हात काढला की मिटायची. आणि आतल्या कडेची अक्षरं टाक्यांनी गिळली होती.

किती गिळली ते बघायला त्यानं चष्मा लावला. लेकीचं लिहिणं त्यानं वाचलं ते असं. पान होतं रोग्याला कुशीवर वळवायचं. चित्र होतं, आणि चित्राखाली ओळी. आधी हात खांद्याखाली घाला, मग गुडघा वाकवा. पण कुठला हात? तो शब्द टाक्याच्या आत गेला होता. त्यानं नखानं पान ताणून ताणून बघितलं, तेव्हा 'उजवा' दिसलं. ज्याच्या घरी माणूस पडलंय तो नखानं पान ताणत बसणार होता की माणसाला सावरणार होता? दाभणानं कात्री घेतली आणि आपले टाके आपण उसवले. आयुष्यात त्यानं दुसऱ्याचे पुष्कळ उसवले होते.

मग खळ लावून बघितली. खळ पुठ्ठ्याला ठीक, पाठीला नाही. वाळून ती कडक झाली आणि पहिल्याच अंगठ्याला फुटली. कट्‌. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिनं तो आवाज ऐकला. टेबलावर उसवलेले दोरे बघितले. डबा ठेवला आणि प्लायवूडच्या भिंतीकडे बोट करून निघून गेली.

दार सहा पावलांवर होतं की सात, कुणी मोजलंय? जायला त्याला दुपार लागली. धाकटा मशीन बंद करून पुसत होता. त्यानं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं, पुसत राहिला.

"काय आणलंय?"

"काम आहे."

"कसलं?"

"चिकटवायचं."

"इथं गठ्ठे चिकटवतात. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तूच सांगितलंस."

दाभणाचे ओठ हलले. बटणाविना सदरा त्यानं एका हातानं गळ्याशी धरला होता. "पुस्तक आहे," तो म्हणाला. "पोरीचं."

"मोठ्यानं बोल. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही."

मशीन बंद होतं. दोघांनाही ते दिसत होतं. कोपऱ्यात कव्हरं लावणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या.

"पुस्तक," दाभण मोठ्यानं म्हणाला. "पोरीचं पुस्तक आहे. माझ्याच्यानं होत नाही. तू कर."

धाकट्यानं प्रत घेतली, कडेला दाभणाची भोकं बघितली, खळीचे पोपडे नखानं उडवले. "वाट लावलीस," तो म्हणाला. मग प्रतीकडेच बघत, "आमचाही सरस पातळ होता त्या खेपेला. प्रकाशकाला घाई झाली होती."

"ठाऊक आहे मला. वास आला होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोलत होतो का आपण?"

धाकट्यानं बाकीच्या प्रतीही पुढं ओढल्या. त्यानं पाठी घासल्या, जाड सरस चढवला, वरून कापडाची पट्टी दिली. गळामिठी वगैरे काही झाली नाही, तसली माणसंच नव्हेत ती. काम वाळत ठेवून त्यानं पुतणीला फोन लावला, मुद्दाम दाभणासमोर. "तुझा बाप आलाय. पुस्तक म्हणाला. हो, पुस्तकच. बायांनी पण ऐकलं." पलीकडचं ऐकून त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला नाही म्हणाले."

तेव्हा दुसऱ्या दिवशी दाभण एक प्रत कागदात गुंडाळून दवाखान्यात गेला. भेटीची वेळ होती. लेक एका खाटेपाशी होती, एका बाईला तिच्या नवऱ्याची चादर बदलायला शिकवत. बापाला बघून तिचे हात थांबले नाहीत.

"काय आणलंय?" तिनं विचारलं. काकाचाच प्रश्न, काकाच्याच आवाजात.

"तुझं पुस्तक."

तिनं हात धुतले, पुसले, कागद सोडला. प्रत बरोबर मधोमध उघडली आणि दोन्ही अंगठे दाबले. बाप बघत होता. लेक कुणाची, हे वेगळं सांगायला नको. पाठ वाजली नाही.

"शिवलं नाहीत?"

"शिवलं होतं. उसवलं. शिवून 'उजवा' आत जात होता."

"कुठला उजवा?"

"हात. कुशीवर वळवायचं पान. आधी उजवा हात खांद्याखाली, मग गुडघा." बोलता बोलता त्यानं स्वतःचा उजवा हात पुढं करून दाखवला, जणू समोर कुणी झोपलंय.

लेक त्या हाताकडे बघत राहिली. "वाचलंत?"

"तेवढंच पान. टाका कुठं येतो ते बघायला."

खोटं बोलून गोड होणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. लेकीनं ते पान उघडून प्रत खाटेच्या कडेला ठेवली. ती मिटली नाही. खाटेपाशी बसलेल्या बाईनं ओळी वाचल्या, उजवा हात नवऱ्याच्या खांद्याखाली घातला, गुडघा वाकवला, आणि तो अवजड माणूस कुशीवर वळला. दाभण ते बघत उभा राहिला. घंटा झाली, भेटीला आलेले निघाले, तरी तो हलला नाही.

"रविवारी येते," लेक म्हणाली. "पण आधी काकांकडे चहा घेईन. मग तुमच्याकडे जेवायला. चालणार असेल तर बघा."

"घे," दाभण म्हणाला. "त्याचा चहाही पातळच असेल." आणि मग दारापर्यंत जाऊन परत आला, सदऱ्याचा उघडा गळा हातात धरून. "तुझ्या आईला एवढं सांग, मी म्हणालो म्हणून. बटण लावून दे म्हणावं."